शिकारीचं मांस आणि मांजरपाटाची पिशवी

चिखलदऱ्याला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा, भीमकुंडाचं नाव घेतल्याशिवाय तो राहायचा नाही. विराटाच्या घरी अज्ञातवासात असताना भीमानं कीचकाला मारलं, त्याचं प्रेत इथल्या दरीत लोटलं आणि या कुंडावर हात धुतले, अशी कथा तिथं सांगतात. कीचकाची दरी ती कीचकदरा, आणि कीचकदऱ्याचा पुढे चिखलदरा झाला, अशी व्युत्पत्तीही जोडतात. भाषाशास्त्राला ती कितपत मानवेल ते सोडा. श्रावणात तिथला चिखल तुडवलेल्या माणसाला निराळी व्युत्पत्ती सुचल्यास मी त्याला दोष देणार नाही. पण या कथेतली एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. भीम विराटाच्या वाड्यात राहत होता तो योद्धा म्हणून नव्हे, बल्लव नावाचा आचारी म्हणून. मांस कसं कापावं, कसं राखावं, कधी शिजवावं, हे ज्याच्या अंगवळणी पडलेलं असतं अशा माणसाचं ते सोंग होतं. आजचा माझा विषय या बल्लवाच्या खात्यातला आहे. शिकारीचं मांस रानात खराब होऊ नये म्हणून घरच्या घरी शिवलेली कापडाची पिशवी, एवढाच तो विषय.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, शिकार बंद होऊन पन्नासावर वर्षं झाली. वाघ-सांबरांचं जंगल आता सरकारचं राखीव. मग ही पिशवी कुठून उकरून काढलीत? प्रश्न रास्त आहे. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. जुन्या बंगल्याच्या भिंतीवर सांबराची शिंगं टांगलेली दिसली, की पाहुणे शिंगं किती लांब आहेत ते पाहतात. मला मात्र वाटत राहतं, बाकीचं सांबर गेलं कुठं? शिंगांखाली पितळी पट्टी असते, तिच्यावर साहेबाचं नाव असतं, साल असतं. त्या जनावराचं दोन-अडीच क्विंटल धूड कोणी वाहिलं, कोणी कापलं, कोणी राखलं आणि कोणी खाल्लं, याची पट्टी कुठंच नसते.

आधी साहेब इथं आला कसा, ते थोडक्यात सांगतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रजांची आणि नागपूरकर भोसल्यांची लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि लगेच दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. त्यानंतर वीस वर्षांनी, म्हणजे १८२३ साली, हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन या पठारावर चढला आणि त्याला थंड हवेची ही जागा सापडली. सापडली असं आपण म्हणतो खरं. कोरकू आणि गवळी लोक तिथं आधीपासून राहतच होते, त्यांना ती हरवलेली नव्हती. पुढं १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. एलिचपूरची, म्हणजे आपल्या अचलपूरची, छावणी पायथ्याशी परतवाड्याला होतीच. उन्हाळा आला की अंमलदार घाट चढून वर जायचे. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवरचं ते पठार, खाली वऱ्हाड भाजून निघत असलं तरी वर वारा. आणि भोवती मेळघाटाचं सागाचं रान, त्यात सांबर, चितळ, भेकर, चौसिंगा, रानगवा, डुक्कर, मोर, रानकोंबडा. मग बंदुका आल्याच.

या शिकारींवर पुस्तकंही बरीच झाली. कॅप्टन जेम्स फोर्सिथचं सातपुड्याच्या मुलखावरचं पुस्तक १८७१ चं, स्टर्नडेलचं सिवनीकडच्या छावणीजीवनावरचं १८७७ चं, जंगलखात्यातल्या डनबार ब्रँडरचं मध्य हिंदुस्थानातल्या वन्य प्राण्यांवरचं १९२३ चं. लंडनच्या रोलंड वॉर्डनं तर १८९२ पासून जगभरच्या शिकारींची नोंदवही छापायला सुरुवात केली. तिच्यात कोणाच्या जनावराची शिंगं किती इंच, याच्या याद्याच्या याद्या. ही पुस्तकं टाकाऊ मुळीच नव्हेत. जनावरांचं इतकं बारीक निरीक्षण आपल्याकडे त्या काळी लिहून ठेवलेलं विरळाच. पण त्यांची दृष्टी बंदुकीच्या नळीतून जाते आणि जनावर पडलं की संपते. त्यापुढचं काम दुसऱ्यांचं होतं, आणि ते दुसरे लिहिणारे नव्हते.

मी चिखलदऱ्याच्या एका वृद्ध गृहस्थांशी या विषयावर बोललो. त्यांचे वडील एका बंगल्यावर खानसामा होते. मी शिंगांविषयी विचारायला गेलो होतो. त्यांनी शिंगांचा विषय दोन वाक्यांत आटोपला आणि मग तासभर मांसाविषयी बोलले. "गोळी कोनंबी मारते मास्तर," ते म्हणाले, "पन मटन घरी पोचवनं हे काम हाय." पुढचं बरंचसं त्यांच्या सांगण्यावरून, आणि काही शास्त्राच्या पुस्तकांवरून जुळवून सांगतो.

जनावर पडलं की घड्याळ सुरू होतं, असं समजा. जिवंत सांबराच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा थोडी जास्तच. प्राण गेला तरी ती ऊब लगेच जात नाही. जाड कातडं म्हणजे अंगावर घातलेली घोंगडीच. त्यातून मांडीच्या हाडाजवळचं मांस फार वेळ कोमट राहतं, आणि कोमट, ओलं मांस म्हणजे जंतूंना घातलेलं आवतण. बाहेरून तुकडा लालभडक, ताजा दिसतो, आणि हाडाशी सुरी घातली की आंबूस वास येतो. शिकाऱ्यांची मोठाली जनावरं वाया जात ती बहुतेक अशी, आतून.

म्हणून पहिलं काम रक्त काढण्याचं. शिकारीच्या पथकात मुसलमान शिकारी, चाकर असत. जनावरात धुगधुगी आहे तोवर ते धावत जाऊन हलाल करीत, नाही तर ते मांस त्यांना चालत नसे. साहेबांच्या आठवणींत या धावाधावीची पुष्कळदा थट्टा केलेली आढळते. पण त्या सुरीनं धर्मही सांभाळला जाई आणि रक्त वाहून गेल्यानं मांसही बरं टिकत असे. दुसरं काम आतडी-कोठा काढण्याचं, तेही न फोडता. तिसरं, कातडं सोलून ऊब मोकळी करण्याचं. मग चार फऱ्या सुट्या करायच्या, सावलीत झाडाला टांगायच्या आणि निवू द्यायच्या. पिशवीची पाळी त्यानंतर येते. हा क्रम महत्त्वाचा. गरम मांस पिशवीत कोंबलं तर मलमलीची पिशवीही त्याला वाचवू शकत नाही.

तोवर माशी आलेली असते. ती कुठून येते कळत नाही. भर रानात, जिथं मघापर्यंत एक माशी नव्हती, तिथं रक्ताचा वास सुटताच हिरवी-निळी चकाकणारी माशी हजर. एक मादी एका वेळी दीड-दोनशे अंडी घालते आणि उन्हाळ्याच्या उबेत ती दिवसभराच्या आत फुटून अळ्या वळवळू लागतात. माश्यांची दुसरी एक जात तर अंडी घालण्याच्याही भानगडीत पडत नाही, एकदम जिवंत अळ्याच टाकते.

आता पिशवी. ही बाजारात मिळत नसे, घरी शिवत. म्हातारबांची आई ती शिवायची. कापड मांजरपाट. रंगीत नाही, जाडजूड नाही, आणि गोणपाट तर मुळीच नाही. गोणपाटाच्या भोकांतून माशी सरळ आत जाते आणि तागाचे तंतू मांसाला चिकटतात ते वेगळंच. नवा मांजरपाट आणला की आधी तो धुण्याचा सोडा घालून उकळायचा, कारण गिरणीच्या कापडाला खळ असते. ती ओली झाली की चिकट होते, कापडाची छिद्रं बुजतात आणि बुरशी धरते. उकळून, कडक उन्हात वाळवून मगच कात्री लावायची. सांबराच्या एका फरीला साधारण सव्वा हात रुंद आणि अडीच हात लांब अशी पिशवी लागे. सशा-तित्तरांना लहान. शिवण दुहेरी दुमडून, म्हणजे सुताचे धागे आत सुटत नाहीत आणि सांधीत रक्त साचून राहत नाही. तोंडाला नेफा, नेफ्यात नाडी. नाडी लांब ठेवायची, कारण तोंड आवळून झाल्यावर तिनंच पिशवी फांदीला टांगायची असते. काम झालं की पिशवी आधी गार पाण्यात भिजवायची. गरम पाण्यात टाकली तर रक्ताचा डाग कायमचा बसतो. रक्त निघून गेलं की मग उकळायची. म्हणजे पुढच्या खेपेला तयार.

यात एक मेख होती. पिशवी मांसाला चिकटली तर माशी बाहेर बसून कापडाच्या विणीतून अंडी सोडते. म्हणून त्यांचे वडील पिशवीच्या आत बांबूच्या कांबीचं एक कडं घालत, म्हणजे कापड मांसापासून चार बोटं दूर राही. वर थोडी मिरपूड चोळत. मग पिशवी सावलीत, पण वाऱ्यावर. वाऱ्यानं मांसाचा वरचा थर सुकून त्याला पापुद्रा धरतो, आणि कोरड्या पापुद्र्यावर ना माशीचं चालतं ना जंतूंचं. डिसेंबर-जानेवारीत चिखलदऱ्याच्या थंडीत असं मांस दोन-तीन दिवस सहज राही, असा त्यांचा अनुभव. मे महिन्यात मात्र सकाळचं मांस संध्याकाळी चुलीवर चढलंच पाहिजे, तिथं पिशवीचाही इलाज नाही.

कापडाकडे जरा पाहा. हे कापड ज्या कापसाचं, तो बहुधा आपल्याच मातीतला असायचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. १८७० साली खामगावला आगगाडी आली तेव्हा तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होता, इतकं या कापसाचं महत्त्व. इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा आणि ठाण होऊन परत यायचा. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपूरला सुरू झाली आणि त्यातला काही फेरा वाचला. वऱ्हाडच्या शेतातून निघून सात समुद्र हिंडून आलेला मांजरपाट मेळघाटातल्या सांबराच्या फरीवर चढायचा. खानसाम्याच्या बायकोला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिला वार किती आण्याला पडतं एवढं ठाऊक होतं.

आता मी तुम्हाला एकदम फार दूर, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात नेणार आहे, आणि तेही १६६८ सालात. आपल्याकडे शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आले त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. फ्लॉरेन्सच्या राजघराण्याचा वैद्य होता फ्रांचेस्को रेडी. त्या काळी मोठमोठ्या पंडितांची अशी समजूत होती की कुजणाऱ्या मांसातून अळ्या आपोआप जन्माला येतात. रेडीला शंका आली. त्यानं काही बाटल्यांत मासे-मांस घालून त्या उघड्या ठेवल्या, काही घट्ट बंद केल्या. उघड्या बाटल्यांत अळ्या झाल्या, बंद बाटल्यांत झाल्या नाहीत. विरोधक म्हणाले, तू हवाच कोंडलीस, मग जीव कसा उत्पन्न व्हावा? तेव्हा रेडीनं बाटलीच्या तोंडावर नेपल्सची तलम जाळीदार मलमल बांधली. हवा आत जात होती. माश्या येऊन कापडावर घोंघावत होत्या, बाहेरच अंडी-अळ्या टाकत होत्या. आतल्या मांसावर मात्र एक अळी झाली नाही. शिवाय त्यानं बाटलीभोवती आणखी एक चौकट करून तिलाही तसंच कापड लावलं होतं. आमच्या खानसाम्याचं कांबीचं कडं आठवलं ना? तीच युक्ती.

पण रेडीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट निराळीच आहे. हे आपणच प्रथम शोधलं, असा आव त्यानं आणला नाही. शिकारी आणि खाटीक उन्हाळ्यात मांसावर पांढरी फडकी झाकून माश्यांपासून ते राखतात, हे त्यानं आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवलं आहे, आणि पाठोपाठ होमरच्या महाकाव्यातला दाखला दिला आहे, की मित्राच्या प्रेतावर माश्या बसून अळ्या पडतील या भीतीनं अकिलीस हा वीर व्याकूळ झाला होता. म्हणजे पंडित जे मानायला तयार नव्हते ते खाटकाला ठाऊक होतं. माझ्या शिक्षक बंधुभगिनींना सांगतो, हा प्रयोग शाळेत अवश्य करा. मांस नको असेल तर पिकलेलं केळं घ्या आणि तीन बरण्या घ्या. एक उघडी, एक तलम कापडानं बांधलेली, एक झाकण लावलेली. चार-आठ दिवसांत चिलटंच मुलांना धडा शिकवतील. कापडाची वीण मात्र दाट हवी, चिलटं फार बारीक असतात. आणि मुलांना हेही दाखवा, की कापडाखालचं केळं किडलं नाही तरी नासतं. कारण कापड माशी अडवतं, जंतू अडवत नाही. जंतूंची गोष्ट उलगडायला पाश्चरपर्यंत, म्हणजे पुढं सुमारे दोनशे वर्षं थांबावं लागलं. पिशवीच्या जोडीला थंडी आणि वारा का लागतो, याचं उत्तर तिथं आहे.

पिशवी नव्हती तेव्हा काय करीत? जगात सगळीकडे मिळून तीन-चारच वाटा आहेत. वाळवणं, खारवणं, धुरावणं, आणि लगेच खाऊन टाकणं. आपल्याकडे वाळवलेल्या मांसाला संस्कृतात वल्लूर असा शब्दच आहे, अमरकोशात तो दिलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्ष नावाचा अधिकारी येतो, म्हणजे खाटीकखान्यावरचा अंमलदार. त्यानं दुर्गंधी सुटलेलं आणि आपोआप मेलेल्या जनावराचं मांस विकू देऊ नये, असा नियम आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं, मानसोल्लास नावाचा ग्रंथ रचला. जुन्या मराठीच्या काही ओळी त्यात सापडतात म्हणून आपण त्याचं नाव घेतो. पण त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगया आहे आणि उपभोगांमध्ये अन्न आहे, मांसाचे नाना प्रकार आहेत. राजाची गोष्ट राजानं लिहून ठेवली, त्यामुळे ती आपल्याला ठाऊक आहे.

ज्यांची लिहिली गेली नाही त्यांचीही सांगितली पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत मांसाच्या पट्ट्या कापून, दोरीवर घालून उन्हात वाळवत. त्यांना चान्या म्हणतात. पावसाळ्यात काम नसे, घरात दाणा नसे, तेव्हा त्या कामी येत. ते मांस शिकारीचं नव्हतं, बहुधा गावातल्या मेलेल्या ढोराचं असे, आणि ते ओढण्याची सक्ती आणि खाण्याची गरज ही दोन्ही समाजानं त्यांच्यावर लादलेली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडा असं सांगितलं, तेव्हा तो प्रश्न चवीचा नव्हता, माणुसकीचा होता. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात या सगळ्या खाद्यपरंपरेची हकिकत आहे. ती शिक्षकांनी वाचावी. मांस टिकवण्याचं जे कसब साहेबाच्या छावणीत हुशारी ठरे, तेच कसब या वस्तीत हिणवण्याचा विषय होई. दोन्हीकडे ऊन तेच, माशीही तीच.

वाळवायला मीठ हवं, आणि मीठ कुठं फुकट होतं? १८८८ साली सरकारनं मिठावरची जकात मणाला अडीच रुपये केली. आपल्या वऱ्हाडात समुद्र नाही, पण पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढीत. १९३० साली गांधीजी दांडीला गेले तेव्हा समुद्र नसलेल्या वऱ्हाडानं काय करावं? अकोला जिल्ह्यात दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरीवर लोक जमले आणि त्या पाण्याचं मीठ करून त्यांनी कायदा मोडला. त्याच वर्षी जुलैत पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला. एक लढा मिठासाठी, दुसरा रानातल्या गवतासाठी. गरिबाच्या चुलीला लागणाऱ्या वस्तूंवर सरकारनं हात ठेवला होता, म्हणून लढायला त्याच वस्तू निवडल्या गेल्या.

आता पुन्हा मेळघाटात येऊ. मघाशी मी विचारलं होतं, बाकीचं सांबर कुठं गेलं? हिशेब करा. नर सांबर अडीचशे किलोचा. हाडांसकट खाण्याजोगा भाग निम्मा धरला तरी सव्वाशे किलो होतो. साहेबाच्या मेजावर पाठीचा मऊ भाग, जीभ, एखादी फरी, एवढंच जायचं. पिशवीतून चिखलदऱ्याला पोचायचं ते इतकंच. उरलेलं हाकाऱ्यांना. हे हाकारे बहुतेक कोरकू. दिवसभर डबे बडवत, काट्याकुट्यांतून जनावर पुढं रेटायचं, आणि संध्याकाळी वाटणी. त्यांना पिशवीची गरजच नव्हती. पळसाच्या नाही तर सागाच्या पानांत गुंडाळायचं, घरी न्यायचं आणि त्याच रात्री सगळ्या ढाण्यानं मिळून खायचं. कोरकू आपल्या पाड्याला ढाणा म्हणतात. मांस टिकवण्याची सर्वांत खात्रीची रीत ही, की ते शेजाऱ्याच्या पोटात घालावं. उद्या त्याला मिळालं की तो तुमच्या पोटात घालतो.

पण याच कोरकूनं स्वतःच्या तीरकमठ्यानं भेकर मारलं तर? जंगल राखीव झाल्यावर तो गुन्हा होता. साहेबाला परवाना मिळे, रानाचे भाग पाडून ते महिन्या-पंधरवड्यासाठी शिकारीला दिले जात. स्वातंत्र्यानंतरही परवान्याची ही पद्धत काही वर्षं चालली, फक्त परवाना घेणारे बदलले. साहेबांच्या जागी आपल्यातले मोठे लोक आले. हाकारे तेच राहिले. अखेर १९७२ साली वन्य जीव संरक्षण कायदा झाला आणि सगळ्यांच्याच बंदुका खाली आल्या. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यातल्या पहिल्या नऊ रानांत आपला मेळघाट होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये तशी रीतसर घोषणा झाली. आज सांबराचं मांस नुसतं जवळ बाळगणं हादेखील गुन्हा आहे, आणि तो तसाच असला पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. रानात जे उरलं आहे ते फार थोडं आहे.

तरी एक गोष्ट मला टोचते. महाभारताच्या वनपर्वात एक लहानशी कथा आहे. पांडव द्वैतवनात राहत होते आणि शिकारीवर गुजराण करीत होते. एका रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणं आली. ती रडत होती, थरथरत होती. आम्ही आता बीजापुरतेच उरलो आहोत, आमचा वंश वाढू द्यावा, आपण दुसरीकडे राहायला जावं, अशी त्यांनी विनवणी केली. युधिष्ठिर सकाळी उठला, भावांना म्हणाला, त्यांचं खरं आहे. आणि पांडव ते रान सोडून काम्यक वनात गेले. मेळघाटातही या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावं रानातून उठवून बाहेर वसवली. त्यामागून आणखीही गावं हलली. वाघाला मोकळं रान हवं, हे खरं. बाहेर शाळा, दवाखाना, रस्ता जवळ आला, हेही काही प्रमाणात खरं. पण द्वैतवनातून जे उठले ते शिकार खाणारे स्वतः होते. मेळघाटात शिंगं ज्यांच्या दिवाणखान्यात गेली ते केव्हाच निघून गेले होते. उठले ते पानांत गुंडाळलेली वाटणी घरी नेणारे. गेली तीसेक वर्षं मेळघाट म्हटलं की लोकांना वाघाखालोखाल कुपोषित मुलं आठवतात. एका कायद्यानं ते झालं असं मी म्हणणार नाही, त्याची कारणं पुष्कळ आणि गुंतागुंतीची आहेत. मात्र त्या पोरांच्या आज्याच्या ताटात आठवड्या-महिन्यानं काय पडत असे, याची नोंद कोणत्याही शिकारीच्या पुस्तकात नाही, एवढं मी पाहिलेलं आहे.

त्या वृद्ध गृहस्थांना मी निघताना विचारलं, आईनं शिवलेल्या पिशव्यांपैकी एखादी राहिली आहे का? ते हसले आणि त्यांनी सुनेला हाक मारली. तिनं आढ्याला टांगलेली एक पिशवी काठीनं खाली काढून दिली. धुऊन धुऊन कापड पातळ झालेलं, नेफा एका बाजूला उसवून पुन्हा शिवलेला, नाडी मात्र नवी, प्लॅस्टिकची. शिवण जशी सांगितली तशीच, दुहेरी दुमडीची. आत हात घातला तर बोटांना राख लागली. राखेत घोळवलेलं बरबटीचं बियाणं होतं. "यात किडा लागत नाही," सून म्हणाली, आणि पिशवी आवळून पुन्हा आढ्याला टांगायला निघाली.